घाटातली तिसरी हाक

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, सायकल शिकवणाऱ्या उस्तादांजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच नाही. तुम्ही म्हणाल, काय सांगता दिनकरराव, तुमच्या पोटात कधी काही राहिलं आहे का? खरं आहे. सीताबर्डीत कापडाच्या दुकानात तीस-बत्तीस वर्षं काढली मी. गिऱ्हाईक बोलण्यात गुंतवायचं आणि तोवर ठाण उलगडायचं, हाच धंदा. पण बडबड्या माणूस सगळं सांगतोच असं थोडंच आहे? ज्याला एक गोष्ट झाकायची असते ना, तो बाकीच्या शंभर सांगत सुटतो.

आणि माझं तर आणखीच न्यारं. मी झाकायची गोष्टच सांगत आलो—फिरवून.

तुमच्यापैकी कोणी ती ऐकलीही असेल. लग्नाच्या पंगती उठल्या, सुपारी कातरणं सुरू झालं, की कोणीतरी म्हणायचंच, दिनकरराव, ती घाटातली सांगा ना. की आपण सुरू. तरणाबांड असताना मी रेसिंग सायकलवर एकटाच सरावाला निघालो होतो. सावनेरच्या पुढे, राज्याच्या हद्दीपलीकडच्या घाटात. भर दुपार, चिटपाखरू नाही, समोरून वारा असा की सायकल जागची हलेना—आणि मागून माझ्या नावाने हाक आली. त्या जंगलात माझं नाव कोणाला ठाऊक असणार? एक हाक आली. दुसरी आली. मी कानात प्राण आणून तिसरीची वाट पाहिली. तिसरी काही आली नाही. मग जी सायकल हाणली ती सावनेर येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. इथे मी थांबायचो आणि पानाचा डबा पुढे ओढायचो. बायका एकमेकींकडे पाहायच्या, पोरं आईला चिकटायची.

तिसऱ्या हाकेचं आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. निर्जन जागी मागून कोणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, वळून पाहायचं नाही. भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक आली तर समजायचं, माणूस आहे. माझ्या आईने मला हे चालायला शिकवलं तेव्हाच शिकवलं असेल.

आता एक आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला पळवाट उरणार नाही. त्या दुपारी घाटात भूत नव्हतं. पुलियाखाली, म्हणजे सडकेखालच्या मोरीपाशी, एक माणूस अडकून पडला होता. त्याचा पाय गेला, आणि तो माझ्यामुळे गेला.

हं. लिहिलं खरं. पण एवढ्यावर सुटका आहे होय?

तेव्हा मी तेवीस वर्षांचा. बांगलादेशची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवसभर दुकानात मीटरपट्टी धरायची आणि रविवारी दुकान बंद, की सायकल. उस्तादांकडे आम्ही सात-आठ पोट्टे होतो. त्यांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे एक खोली होती, तिच्या भिंतीवर खडूने आमची नावं आणि वेळा लिहिलेल्या असायच्या. उस्तादांची पद्धत जगावेगळी. ते कोणालाच कोणासोबत जाऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, "दहा जण मिळून चालवता तवा वारा वाटून घेता बे. एकटा माणूस वाऱ्याशी काय करते, ते मले पाहाचं आहे." म्हणून एका रविवारी एकच माणूस. नागपूरहून निघायचं, घाट चढायचा, माथ्यावरच्या चहावाल्याकडून चिठ्ठीवर वेळ लिहून घ्यायची, तसंच परत फिरायचं. शंभर मैलांच्या वर होतं ते. सडकेवर किलोमीटरचे दगड लागले होते, पण आमच्या तोंडात मैलच बसलेले. उस्ताद दारात खुर्ची टाकून बसलेले असायचे. सायकल उंबऱ्याला लागली की घड्याळ पाहायचे आणि आत जाऊन भिंतीवर लिहायचे.

भिंतीवरच्या पहिल्या चार जणांना राज्याच्या स्पर्धेला पाठवणार होते. मी पाचवा होतो. माझी शेवटची पाळी होळीच्या आधीच्या रविवारी आली.

ही स्पर्धा म्हणजे काय मोठं घबाड होतं? काहीच नाही. एक बनियन मिळणार होती, पाठीवर जिल्ह्याचं नाव असलेली. पण दिवसभर लोकांना "हा रंग तुमच्यावर खुलतो ताई" म्हणणाऱ्या माणसाला ती बनियन किती हवी होती, हे मी तुम्हाला आज सांगूनही कळणार नाही. स्वप्नात घालायचो मी ती. लाज वाटते लिहायला, पण खरं आहे.

घाटाचं नाव मी लिहीत नाही. सावनेरपर्यंत काही वाटायचं नाही. कोळशाचे ट्रक, कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग, संत्र्याचे बगीचे, सडकेला माणसांचा राबता. हद्द ओलांडली की गावं विरळ व्हायची. मग सपाटी संपायची, सडक वर तोंड करायची आणि दोन्ही अंगांनी साग यायचा. तिथला वारा मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. एका वळणावर छातीवर बसायचा, पुढच्या वळणावर पाठीला हात लावायचा, आणि त्याच्या पुढच्या वळणावर एकदम बंद. कोणी दार लोटून घ्यावं तसा. ते बंद होणं वाऱ्यापेक्षा वाईट. मग बारीकसारीक सगळं ऐकू यायचं. फाल्गुनात सागाची पानं गळतात, पत्रावळीएवढाली. ती डांबरावरून घासत येतात तेव्हा कोणीतरी वहाणा फरपटत मागून चालत आहे असं वाटतं. वळून पाहावं तर पान. मान पुढे करावी, की पुन्हा वहाणा. आणि पुलियांच्या नळ्यांतून वारा गेला की हुंकार ऐकू यायचा. लहान पोराला गोष्ट सांगताना ते "हं, हं" करतं, तसा. कोण कोणाची गोष्ट ऐकत होतं तिथे, कोणास ठाऊक.

त्या चढात मला एकच माणूस भेटायचा. लटारू. तो मैलकुली होता, म्हणजे सडकेच्या खात्याने त्याला घाटाचे तीन-चार मैल नेमून दिलेले. खड्डे बुजवायचे, नाल्या साफ करायच्या, दगडांना चुना मारायचा. पन्नाशीचा असेल, अंगाने वाळकी काडी. बायको वारलेली, एकुलती मुलगी आमच्या उमरेडकडे दिलेली. सडकेच्या कडेला त्याची झोपडी होती आणि दारात माठ. मी चढताना दिसलो की तो गडवा भरून सडकेवर उभा राहायचा, म्हणजे मला पाय टेकावा लागू नये. चालत्या सायकलवर गडवा द्यायचा, चार पावलं सोबत धावायचा आणि रिकामा गडवा परत घ्यायचा. मला उस्तादांच्या भिंतीबद्दल त्याला सांगावं लागलं नव्हतं. थांबलो तर माझा वेळ जातो, हे त्याने आपल्या मनानेच ओळखलं होतं. याला काय म्हणाल तुम्ही? माझ्या सख्ख्या भावाने तेवढं ओळखलं नसतं.

एकदा त्याने धावता धावता विचारलं, "नाव काय गा तुमचं?"

मी सांगितलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "नाव माईत असलं का माणसाले हाक मारता येते."

म्हणजे त्या जंगलात माझं नाव एका माणसाला ठाऊक होतं. गोष्ट सांगताना हे मी कधीच सांगितलं नाही.

त्या रविवारी जाताना वारा उत्तरेचा, थेट तोंडावर. चढ लागेपर्यंतच मी घामाने निथळलो होतो. झोपडीपाशी लटारू नव्हता. माठावर गडवा पालथा. पुढे दोन वळणं गेल्यावर एक पुलिया लागते, तिथे कठड्याचं काम चाललेलं दिसलं. एका काठीला लाल फडकं बांधलेलं, ते वाऱ्यावर फाटेल इतकं फडफडत होतं. जवळ फावडं, उलटं घमेलं, सिमेंटचं अर्धं पोतं. माणूस नाही. मी म्हटलं असेल कुठे झाडीत बसलेला. घसा कोरडा पडला होता, म्हणून मनातल्या मनात त्याच्यावर चिडलोसुद्धा. त्याच वेळी तो सडकेच्या खाली, मोरीच्या तोंडाशी पडलेला होता. कठड्याचा घडीव दगड निसटून त्याच्या गुडघ्याखालच्या पायावर बसला होता. मी वरून गेलो तेव्हा तो शुद्धीवर नव्हता, असं पुढे कळलं.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा बराच वेळ गेलेला होता. चहावाल्याने चिठ्ठी दिली, ती बनियनच्या आत खोवली आणि फिरलो. आता वारा पाठीशी होता. लक्षात ठेवा, पाठीशी. लग्नाच्या पंगतीत मी तो समोरून वाहवायचो, कारण समोरच्या वाऱ्यात मागचं नीट ऐकू येत नाही आणि माणसाला संशयाचा फायदा मिळतो. पाठीमागच्या वाऱ्यात कुजबुजही ऐकू येते.

सायकल चालवणाऱ्यांनाच हे ठाऊक असतं. उतारावर वारा पाठीशी असला आणि तुमचा वेग त्याच्या वेगाशी जुळला, की कानातला सगळा आवाज जातो. देवळात शिरल्यासारखं होतं. पाय फिरत असतात, चाकं फिरत असतात, पण हवा हलत नाही. माझ्या दोन्ही बाजूंनी सागाची पानं धावत होती, माझ्याच वेगाने, म्हणून ती जागच्या जागी उभी दिसत होती. नुसतं डांबर मागे सरकत होतं. असं मी त्याआधी कधी अनुभवलं नव्हतं. घड्याळ पाहिलं. गेलेला वेळ भरून निघत होता. मी आयुष्यात इतका जोरात कधीच गेलो नव्हतो.

लाल फडकं दिसलं. पुलिया गेली. आणि त्या शांततेत मागून हाक आली—"दिनकर गाऽऽ".

अंगावर सरसरून काटा आला. ते खोटं नाही. हात ब्रेकवर गेले आणि आईची शिकवण आठवून तिथेच थबकले. मान वळली नाही. पानं माझ्या बाजूने तशीच उभी होती.

दुसरी आली. "दिनकर... गा". पहिलीपेक्षा बारीक. शेवटचं अक्षर वाऱ्याने ओढून नेलं.

इथवर मी भ्यालेला होतो. इथवरचा दिनकर तुम्ही सोडून द्या, त्याला मीही काही म्हणत नाही. पण पुढचं?

पुढे तिसरी आली. ओरडून नाही. अगदी जवळून, खांद्यामागून, शेजारी बसलेला माणूस बोलतो तेवढ्या आवाजात. "दिनकर." बस, एवढंच.

तिसरी आली, म्हणजे माणूस आहे. जिने मला नियम शिकवला तिनेच त्याचा अर्थही शिकवला होता. आणि खरं सांगू? मला नियमाची गरजही नव्हती. पहिल्याच हाकेचा आवाज मी ओळखला होता. दर पाळीला जो आवाज चार पावलं माझ्यासोबत धावला, तो मी ओळखणार नाही? फावडं पाहिलं होतं, घमेलं पाहिलं होतं, पालथा गडवा पाहिला होता. एका क्षणात सगळं जुळलं. लटारू आहे, पुलियाखाली आहे, पडला आहे. भीती तिथेच संपली. शंभर पावलंही पुरली नाही ती.

आणि मग मी घड्याळ पाहिलं.

थांबायला काय लागत होतं? दोन ब्रेक दाबायचे होते. मनात काय आलं तेही सांगतो. ट्रक येतीलच, कोणीतरी थांबेल, त्याचं माणूस येईल. रविवारी त्या घाटात ट्रक किती येतात हे मला कोणी सांगायला नको होतं. त्याचं माणूस कुठून येणार, ते उमरेडला होतं. हे सगळं ठाऊक असताना मी हँडलवर आणखी खाली वाकलो, वाऱ्याने पाठ नीट पकडावी म्हणून. त्या वेळी मी भ्यालेलो नव्हतो. हेच तर मला इतकी वर्षं कोणाला सांगता आलं नाही. लोक भ्याडाला सांभाळून घेतात हो. मी भ्याड नव्हतो.

पुढची गोष्ट सांगतो, ती याहून वाईट आहे. घाट उतरल्यावर पायथ्याशी गाव लागतं. टपरीपुढे दोन ट्रक उभे होते, वरच्या दिशेला तोंड करून. ड्रायव्हर बाजेवर बसून चहा पीत होते. त्यांना एवढंच सांगायचं होतं, भाऊ, पुलियापाशी मैलकुली पडला आहे, पाहून घ्या. अर्धं मिनिट लागलं असतं. चालत्या सायकलवरूनही ओरडता आलं असतं. त्यातल्या एकाने मला पाहून हात वर केला, शाबास म्हणाला असेल. मी मान हलवली आणि गेलो.

उस्तादांच्या उंबऱ्याला चाक लागलं. ते आत गेले, खडूचा आवाज आला. मी चौथा. आधीच्या चौथ्यापेक्षा दोन मिनिटांनी कमी.

दोन मिनिटं शिल्लक होती माझ्याजवळ, आणि बोलायला अर्धं पुरलं असतं. हा हिशेब मी किती वेळा केला असेल? कापड मोजताना केला, जेवताना केला, मुलीच्या लग्नात अक्षता टाकताना केला.

उस्तादांनी विचारलं, "रस्त्यानं काही तरास?"

"नाही," मी म्हटलं.

बनियन मिळाली. स्पर्धेत मी सतरावा आलो. ते जाऊ द्या.

महिना-दीड महिना मी त्या सडकेला गेलो नाही. मग राहवेना, गेलो. झोपडीत लटारूचा साळा होता, काम आता त्याच्याकडे आलं होतं. त्याने सगळं सांगितलं. लटारू दिवसभर आणि रातभर तसाच पडून होता. सोमवारी उजाडल्यावर एक क्लीनर नाल्यात पाणी घ्यायला उतरला तेव्हा दिसला. पाय काळा पडला होता. दवाखान्यात मांडीपासून कापला. "डाक्टर म्हणे, एक दिवस आंधी आणला असता त वाचला असता," साळा म्हणाला. मग माझ्या सायकलकडे पाहत म्हणाला, "एक सायकलवाला गेला म्हणे तिकून. लटारू भाटव्यानं हाका मारल्या त्याले. तुमीच का?"

आता बोलायचं होतं. याहून चांगली वेळ कोणती असते? समोरच्यानेच दार उघडून दिलं होतं.

मी म्हणालो, "हव, मीच. पण भाऊ, हाका दोनच आल्या."

आणि त्या माणसाने—काय सांगू—त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मंग कोन थांबन," तो म्हणाला. "म्याही नसतो थांबलो." माठातलं पाणी दिलं मला, त्याच गडव्याने. मी प्यायलो.

इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. एक आकडा बदलला की झालं. तिथून परत येईपर्यंत गोष्ट तयार होती. वारा समोरचा झाला, आवाज अनोळखी झाला, लटारू तर गोष्टीतून पार नाहीसाच झाला. पहिल्यांदा ती मी उस्तादांच्या खोलीत सांगितली. मग दुकानात, मग सोयऱ्याधायऱ्यांत. चांगली सांगायचो, दाद मिळायची. पुढे कितीतरी वर्षांनी एका ट्रक ड्रायव्हरने, सावनेरच्या बसस्टँडवर, माझीच गोष्ट मला सांगितली. कोणी एक सायकलवाला होता म्हणे. "तवापासून आमी त्या पुलियापाशी गाडी थांबवतच नाही जी," तो म्हणाला. "कोनी हाक मारो का काही करो. काच लावून घेतो." मी म्हटलं असं का, आणि बस आली तशी चढलो. त्या पुलियाखाली त्यानंतर कोणी पडलं असेल का, हा विचार मी करत नाही. करत नाही म्हणतो, पण लिहिला आहे ना आत्ता.

राहिलं ते एकच. लटारूला मी एकदा भेटलो.

पाय गेल्यावर तो मुलीकडे राहायला आला होता. तिचं गाव उमरेडजवळच. दोन वर्षांनी आईला घेऊन मी तिकडे एका बारशाला गेलो, तेव्हा कोणीतरी बोलण्यात म्हणालं, लंगड्या लटारूचं घर. मी उठून गेलो. का गेलो? सांगायलाच गेलो होतो. वाटेत मनात वाक्यं जुळवत होतो, ही शपथेवर सांगतो.

तो ओसरीत भिंतीला टेकून आंबाडीचा दोर वळत बसला होता. उरलेल्या पायाच्या अंगठ्यात दोराचं टोक धरलेलं. मला पाहिलं आणि त्याचे हातच थांबले. मी नाव सांगितलं तशी मुलगी आतून धावत आली. "आलेच का वं माय सायकलवाले भाऊ," ती कोणाला उद्देशून म्हणाली कोणास ठाऊक. "बाबा रोज तुमचं नाव घेत राह्यते. एकडाव भेटले पाह्यजे, एकडाव भेटले पाह्यजे, असं."

म्हटलं, याने ओळखलं आहे. आता हा बोलेल, चारचौघांत बोलेल. आणि ऐका—मला सुटल्यासारखं वाटलं. बोलू दे एकदाचा, असं वाटलं.

लटारू म्हणाला, "चूक माही झाली गा दिनकरभाऊ."

मला कळेना.

"मांगून हाक माराले नाही पाह्यजे होती तुमाले. एकटा माणूस, असा घाट. कितीक भेले असान तुमी." तो खाली पाहून बोलत होता. "अन् मारली त तीनदा मारायची, हे का मले माईत नोव्हतं? म्या दोनदाच मारली. तिसरी निंगलीच नाही तोंडातून."

"दोनदाच?" मी विचारलं.

"दोनदाच. मोजून."

दुपार होती. ओसरीत ऊन आलेलं, मुलीच्या हातात चहाची बशी, आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. तिसरी मी ऐकली होती. आजही ऐकू येते. वहाणा नाहीत, पान नाही, नळीतला वारा नाही. माझं नाव, खांद्यामागून, सावकाश. ती त्याने मारली नसेल तर कोणी मारली? मला माहीत नाही. इतकी वर्षं झाली, मला माहीत नाही. पण नियम मला माहीत होता. तिसरी हाक माणसाची. ती कोणाचीही असो, माझ्यासाठी ती आली होती, मला थांबवायला आली होती, आणि ती ऐकून मी घड्याळ पाहिलं होतं. त्याला सांगायचं होतं ते एवढंच. लटारूभाऊ, तिसरी आली होती. चार शब्द.

तो अजून बोलतच होता. त्याच्या हाकेने मी घाबरून कुठे पडलो-झडलो तर नाही, याची त्याला दवाखान्यात काळजी लागली होती म्हणे. मग त्याने मांडीवरचा दोर बाजूला ठेवला, माझ्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाला, "मनात नका ठेवजा."

मुलगी माझ्याकडे पाहत होती. तीही वाट पाहत होती.

मी खाली वाकलो, त्याचे जोडलेले हात माझ्या हातांत धरले. म्हणालो, "जाऊ द्या लटारूभाऊ. माझ्या मनात काही नाही." त्याचे डोळे भरून आले. मी चहा प्यायलो, आणि त्याला माफ करून परत आलो.